मनूच्या लाल पक्ष्याबद्दल

वाळपई, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मी सिक्कीमहून पाठवलेला तो लाल पक्ष्याचा फोटो मनूला इतका आवडला, की तशी जोडी घरी पाळता येईल का, असं तिने विचारलंय. फोनवर नाही म्हणून मोकळा झालो असतो, पण पोरीला नुसता नकार देऊन भागायचं नाही, कारण सांगायला हवं. म्हणून सविस्तर लिहितोय.

तो स्कार्लेट फिंच. उत्तराखंडापासून नेपाळ, सिक्कीम, भूतान करत थेट व्हिएतनामपर्यंत डोंगरातल्या जंगलांत राहणारा. ब्रायन हॉजसन काठमांडूला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे नेपाळ दरबारातला ब्रिटिशांचा प्रतिनिधी होता, त्याने १८३६ मध्ये याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तो तिथल्याच चित्रकारांकडून पक्ष्यांची चित्रं काढून घ्यायचा. त्यातल्या राजमान सिंगचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आम्हाला दिसला तो नर निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसला होता. बुलबुलापेक्षा जरासा लहान, अंगाने भरलेला, चोच जाड आणि पिवळसर. पंख काळपट, पण प्रत्येक पिसाची कड लाल. त्याने मान वळवली की उन्हाकडची बाजू नुसती पेटायची. मादी खाली झुडपात होती, शेवाळी हिरवी. उडाली तेव्हा पाठीच्या टोकाशी पिवळाधमक रंग चमकला, आणि तेव्हा कुठे ती तिथे होती हे कळलं. फोटोत ती आली नाही, ही रुखरुख अजून आहे.

आता मनूला नीट समजावून सांग. अशा फिंचांचा लाल रंग त्यांच्या खाण्यातून येतो. फळं, बिया, कळ्या यांतली पिवळी द्रव्यं पोटात जातात, शरीर त्यांचं लाल रंगात रूपांतर करतं आणि नवी पिसं फुटताना तो रंग त्यांत उतरतो. पीस एकदा वाढून पूर्ण झालं की त्यात नवा रंग भरत नाही. म्हणून दर खेपेला पिसं झडून नवी येतात, तेव्हा जंगलातला तो आहार लागतोच. लाल फिंचांच्या कितीतरी जातींचे नर पिंजऱ्यात ठेवले की पुढची पिसं पिवळट, मळकट येतात. ज्या रंगावर ती भाळलीय, तो पिंजऱ्यात टिकणारच नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले रानपक्षी पाळता येत नाहीत. कुणी दुकानदार गुपचूप देतो म्हणाला तरी घेऊ नकोस, माझी शपथ आहे.

त्यापेक्षा थंडीत तिला घेऊन इकडेच ये. स्कार्लेट फिंच गोव्यात येत नाही, पण त्याचा सख्खा भाऊबंद कॉमन रोझफिंच हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत उतरतो. चोर्ला घाटाच्या बाजूला सकाळी लवकर जाऊ. दिसेलच असं वचन देत नाही. दिसले तरी बरेचसे तपकिरी असतील, कारण पहिल्या वर्षाचे नरही माद्यांसारखेच दिसतात. तिला आधीच सांगून ठेव, म्हणजे हिरमुसणार नाही. जाड, आखूड चोच बघायची, ओळख तिथेच पटते.

थिवीला उतरा, मी स्टेशनवर येतो. वहिनींना नमस्कार. मनूला सांग, लहान दुर्बीण तिच्यासाठी पुसून ठेवलीय.

तुझा,
रघू