मृत्युपत्रातली देणगी सुखरूप पोचवणाऱ्या वकीलताईंना

आदरणीय वकीलताई,
स. न. वि. वि.

वाचनालयाला मृत्युपत्रातून देणगी देऊ इच्छिणाऱ्यांसाठी तुम्ही विनामोबदला मसुदा करून दिलात, त्याबद्दल आम्ही विश्वस्त तुमचे मनापासून ऋणी आहोत. पत्र जाहीर लिहितोय, कारण त्यातले बारकावे इतर संस्थांच्याही कामी यावेत.

पहिला बारकावा नावाचा. फलकावर नुसतं 'वाचनालय', तर न्यास नोंदणीच्या दाखल्यावर चांगलं लांबलचक नाव. 'गावच्या वाचनालयाला २ लाख' एवढंच लिहिलं, की 'कुठलं वाचनालय?' म्हणून वारस हरकत घेऊ शकतात. तुम्ही दाखल्यावरचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, पॅन सगळं छापूनच दिलंत. शिवाय 'कायम निधी म्हणून' हे तीन शब्द घातलेत. ते नसतील तर रक्कम वीजबिलातही खर्ची पडू शकते. असतील तर मुद्दल शाबूत राहतं. संस्था बंद पडली तर त्याच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावं, हीही ओळ आहेच.

खरी गफलत होते ती नॉमिनीपाशी. ठेव मृत्युपत्रात संस्थेला आणि नॉमिनी पुतण्या, असं असेल तर बँक पैसे पुतण्याच्याच हाती देते. नॉमिनी मालक नसतो हे खरं, पण त्याच्याकडून ते सोडवायचे तर कोर्टाची पायरी चढावी लागते. बँक ठेवीला नॉमिनी म्हणून संस्था चालतही नाही, व्यक्तीच लागते. म्हणून एक्झिक्युटरलाच, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या व्यक्तीलाच, नॉमिनी करा, हा तुमचा सल्ला आम्हाला लाखमोलाचा वाटतो.

फ्लॅटचंही तसंच. तो थेट न्यासाच्या नावावर आला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा आणि विकायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यायची. त्यापेक्षा 'एक्झिक्युटरने फ्लॅट विकून रक्कम संस्थेला द्यावी' हे तुमचं वाक्य किती हेलपाटे वाचवतं!

साक्षीदार दोन, दोघांच्या डोळ्यांदेखत सही. ते सज्ञान, पण देणगीदारापेक्षा वयाने लहान असावेत आणि विश्वस्तांपैकी नसावेत. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्तीही नाही. तरी ती करावीच, हे तुमचं म्हणणं आम्ही प्रत्येक देणगीदाराला सांगतो.

शेतजमीन द्यायची म्हणणाऱ्यांना मात्र आधी तुमच्याकडेच पाठवू. तिथे शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावर बंधनं घालणारा कूळकायदा आडवा येतो आणि छापील मसुदा पुरत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
विश्वस्त मंडळ