बाळाचं नाव, आबांचं नाव

आई-बाबा, सप्रेम जयभीम.

फोनवर धड बोलणं होत नाही, एकतर बाळ रडायला लागतं नाहीतर बाबा तुम्ही बरं बरं ठेवतो म्हणून ठेवून देता, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच पाठवावं. आई, तू व्हॉट्सअपवर पाठवलेली नावांची यादी आम्ही दोघांनी बसून वाचली. रेयांश, कियान, विवान, कानाला गोड आहेत सगळी, पण पुढे लिहिलेले अर्थ बघून मला राहवेना, मी शोधत बसलो. विवानपुढे सूर्याचं किरण लिहिलंय, पण संस्कृतात सूर्याला म्हणतात विवस्वान. कियानपुढे देवाची कृपा लिहिलंय आणि ते नाव निघालं इराणकडचं, तिथल्या पुराणकथांमधल्या राजघराण्यावरून आलेलं. परकं आहे म्हणून मी नको म्हणत नाहीये, माझं स्वतःचं नाव कुठून आलंय ते पुढे लिहितोच. पण पोराने उद्या विचारलं की पप्पा माझं नाव कुठून आणलं, तर खरं काहीतरी सांगता आलं पाहिजे ना.

आम्हाला दोघांना सुनीत आवडलंय. बाबा तुम्ही म्हणालात की शाळेत सुनीता सुनीता म्हणून चिडवतील, आणि मग ताईने नुसता आबांचा विषय काढला तर तुम्ही म्हणालात, त्यांचं नाव काढू नका, ते नाव त्यांच्याबरोबर गेलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

आबांचं नाव कचरू का होतं ते आजीने मला सांगितलेलं. आबांच्या आधीची दोन मुलं गेली होती, म्हणून आबा जन्मले तसं त्यांच्या आईने त्यांना केरावर ठेवलं आणि टाकलेलं पोर उचलून आणल्यासारखं परत घरात आणलं, म्हणजे मरणाला वाटावं हे काय न्यायचं, हा तर कचरा. ही रीत फक्त आपल्यात नव्हती बाबा. दगडू, धोंडू, केरबा, भिकू, उकंडी, सगळी त्याच भीतीतून आलेली नावं, कुणी पोराचं नाक टोचून मुलगी असल्यासारखं वाढवायचे आणि मग तो नथू व्हायचा. सटवाईला फसवायचं, दृष्ट लागू द्यायची नाही, आणि देवीच्या साथी, पटकी, ताप यात घरटी लेकरं जात असताना त्या बायांच्या हातात दुसरं होतं तरी काय. महर्षी कर्वे १८५८ चे, त्यांचं नाव धोंडोच, १९५८ ला भारतरत्न मिळालं त्यांना. पुण्यात रोज एवढे लोक ज्या गणपतीपुढे हात जोडतात तो दगडूशेठचा म्हणूनच ओळखला जातो.

पण फरक आहे आणि तो मला तुमच्यापुढे मांडायचाच आहे. कर्व्यांच्या धोंडोपुढे महर्षी लागलं, हलवायांच्या दगडूपुढे शेठ लागलं, आणि आबांच्या कचरूचं गावाने कचऱ्या केलं, सत्तरीतल्या माणसाला बारकी पोरं पण ए कचऱ्या म्हणायची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहूनच ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस येईल असं. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली त्यात हे पण जळलं असं मी धरतो. म्हणून आबांच्या नावात मला दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, एक त्यांच्या आईची, तिला पोरगं जगवायचं होतं, आणि दुसरी गावाची. आईची गोष्ट आपण का लपवायची? लाज वाटायची तर ती गावाला वाटू दे.

आणि तुमचं नाव बघा बाबा. थोरले काका दीक्षेच्या आधीचे म्हणून धोंडू, तुम्ही १९५७ चे म्हणून गौतम. एकाच आईबापाची दोन पोरं आणि मधे १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांची नागपूरची धम्मदीक्षा. आबा नागपूरला गेले नव्हते, आपल्याकडे गावात दीक्षा झाली ती नंतर, पण शाळेची पायरी न चढलेला माणूस पुढच्या पोराचं नाव गौतम ठेवतो, ते कुणाला फसवायला नाही, कुणाच्या भीतीने नाही, स्वतःच्या मनाने ठेवतो, याच्याएवढी मोठी गोष्ट आपल्या घरात दुसरी झालेली नाही असं मला मनापासून वाटतं. त्या काळात वस्त्यावस्त्यांतून सिद्धार्थ, आनंद, अशोक, राहुल अशी नावं आली. राहुलचं तर ऐकून मी चकितच झालो, मुलगा झाल्याचं कळल्यावर सिद्धार्थ म्हणाला बंधन जन्मलं, त्यावरून राहुल अशी कथा आहे, आणि आज गल्लीगल्लीत राहुल आहेत, सगळ्या जातीत.

माझं नाव तुम्ही मिलिंद ठेवलं ते कॉलेजवरून, हे तुम्ही कितीदा सांगितलंय. नागसेनवनातली होस्टेलं, औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय, १९५० ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेलं. पण मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा! इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातला, राजधानी सागल, म्हणजे आता पाकिस्तानात आहे ते सियालकोट. त्याची नाणी सापडलीत, एका बाजूला ग्रीक अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत मेनंद्रस. पालीत त्याचं मिलिंद झालं आणि मराठवाड्यातल्या एका मास्तरच्या घरात येऊन पोचलं. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा नागसेन नावाच्या भिक्खूला पहिल्यांदा नावच विचारतो, आणि नागसेन म्हणतो की लोक मला नागसेन म्हणतात, आईबाप नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन असं काहीबाही नाव ठेवतात पण ती नुसती हाक मारायची सोय आहे. तेवढं त्याचं मला पटत नाही. ज्याला कचऱ्या अशी हाक मारली जाते त्याला ती नुसती सोय वाटत नसते.

आता सुनीत. हे मी थेरगाथेत वाचलं, भिक्खूंनी स्वतःच सांगितलेल्या गाथा आहेत त्यात. सुनीत म्हणतो, मी खालच्या कुळात जन्मलो, गरीब होतो, खायला पुरेसं मिळायचं नाही, सुकलेली फुलं झाडून काढणं हे माझं काम, लोक माझी किळस करायचे आणि मी मान खाली घालून सगळ्यांना नमस्कार करायचो. मग मगधाच्या मोठ्या नगरात शिरताना त्याला भगवान बुद्ध दिसले, त्याने खांद्यावरची कावड खाली ठेवली, पुढे गेला, आणि प्रव्रज्या, म्हणजे भिक्खू व्हायची दीक्षा, मागितली. बुद्ध एवढंच म्हणाले, ये भिक्खू. झाली दीक्षा. नावाचा अर्थ चांगल्या वाटेनं नेलेला. हे वाचलं तेव्हा मला आबाच आठवले, ग्रामपंचायतीच्या समोर खराटा घेऊन उभे असलेले. कचरू नाव मी बाळाला देणार नाही, पण कचरा उचलणाऱ्या माणसाने जे नाव एवढं मोठं केलं ते द्यावं असं फार वाटतंय, आणि बाळाला आबांची गोष्ट सांगायची ती त्यांच्या खऱ्या नावासकट सांगायची.

अगदीच नको वाटत असेल तर उपाली पण आहे मनात. तो शाक्यांचा, म्हणजे बुद्धांच्याच कुळाचा, न्हावी, राजपुत्रांनी स्वतःहून त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे त्यांना त्याच्यापुढे वाकावं लागेल, आणि पुढे राजगृहाच्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, विनय म्हणजे संघाचे नियम त्यानेच सांगितले. पण तुमच्या सुनेला सुनीतच जास्त आवडतंय.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचं नाव घालायला लावलंय, आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे सुनीत प्रज्ञा मिलिंद असं लागेल. तू म्हणायचीस ना, नऊ महिने आम्ही वागवायचं आणि कागदावर आमचा पत्ताच नाही.

जन्माची नोंद झालीये, नाव टाकायला वर्षभर फी लागत नाही त्यामुळे ती घाई नाही. पण नामकरण रविवारी आहे, भंतेजी अकराला येतील, त्रिसरण पंचशील झालं की लगेच नाव. ताई शनिवारी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येईल, आई गुडघ्याच्या गोळ्या विसरू नको. बाबा, तुम्ही त्याच्या आत मला फोन करून सांगा, आणि या वेळी लगेच ठेवू नका, नको असेल तर का नको ते सांगा. तुमचं हो आल्याशिवाय मी फॉर्मवर नाव लिहिणार नाही.

तुमचा,
मिलिंद