शंभर वर्षांच्या युद्धाचे गोव्यापर्यंत आलेले टोक

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शंभर वर्षांच्या युद्धावर आपल्या पुरवणीत आलेला लेख माहितीपूर्ण होता. परंतु क्रेसी व अजँकूर येथील लढाया आणि फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्क या ठरलेल्या वाटेनेच तो गेल्यामुळे, ज्या भागाचा धागा थेट गोव्यापर्यंत येतो तो त्यात आलाच नाही.

युद्धाचे मूळ आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखेच होते. १३२८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स पुत्राविना मरण पावला, तेव्हा गादी त्याच्या चुलतभावाला, सहाव्या फिलिपला मिळाली आणि इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड, जो चार्ल्सचा सख्खा भाचा होता, तो बाजूला राहिला. पुढे १३३७ मध्ये फिलिपने एडवर्डची नैर्ऋत्य फ्रान्समधील जहागीर जप्त केली आणि लढाईला तोंड फुटले. १४५३ पर्यंतची ही ११६ वर्षे सलग रणधुमाळीची मात्र नव्हती. मधली कितीतरी वर्षे तहात आणि प्लेगच्या साथीत गेली.

या भांडणात स्पेनमधील कास्तील राज्य फ्रान्सच्या बाजूला होते. १३७२ मध्ये फ्रान्समधील ला रोशेल बंदराजवळ कास्तीलच्या आरमाराने इंग्रजांची गलबते बुडवली, तेव्हा कास्तीलला मागच्या बाजूने शह देऊ शकेल असा शेजारचा मित्र इंग्लंडला हवासा वाटू लागला. पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मैत्रीचा करार झाला. १३८५ मध्ये पोर्तुगालमधील आल्जुबारोताच्या मैदानावर पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव याने कास्तीलच्या कितीतरी मोठ्या सैन्याचा धुव्वा उडवला. त्या दिवशी कास्तीलच्या बाजूने फ्रेंच घोडेस्वार आणि पोर्तुगीजांच्या बाजूने इंग्रज तिरंदाज लढत होते, म्हणजे ही लढाई मूळ युद्धाचीच एक आघाडी होती. १३८६ च्या विंडसर तहाने दोस्ती पक्की झाली आणि १३८७ मध्ये जुआंवचे लग्न तिसऱ्या एडवर्डची नात फिलिपा हिच्याशी झाले. या दांपत्याचा मुलगा हेन्री पुढे दर्यावर्दी हेन्री म्हणून प्रसिद्ध झाला. ऑगस्ट १४१५ मध्ये पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउता बंदर जिंकले, त्या मोहिमेत तो होता. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी अजँकूरची लढाई झाली. आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे सरकत १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कला मांडवीच्या मुखाशी आणणारी वाट सेउताहूनच सुरू होते. आल्जुबारोताला कास्तीलची सरशी झाली असती, तर ही वाट कोणी चालली असती हे सांगणे कठीण आहे.

ही मैत्री कागदावरच राहिली असे कोणी समजू नये. १७९९ मध्ये फ्रेंच गोव्यावर चालून येतील या धास्तीने ब्रिटिश फौज गोव्यातील काबो आणि आग्वाद या किल्ल्यांवर येऊन राहिली, म्हणजे चार शतके उलटली तरी वैर आणि दोस्ती दोन्ही जुनीच होती. दोनापावलला राजभवनाजवळ त्या काळातील ब्रिटिशांचे कबरस्तान आजही आहे. तेथील इंग्रजी कोरीवलेखांकडे फिरायला येणारे सहसा पाहतही नाहीत.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर उभे राहिले, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने याच जुन्या करारांचा आधार घेऊन ब्रिटनकडे मदत मागितली. राष्ट्रकुलातील देशाविरुद्ध आम्ही शस्त्र उचलणार नाही, असे ब्रिटनने कळवले आणि तिसऱ्या एडवर्डच्या काळातल्या मैत्रीचा लिस्बनला काहीएक उपयोग झाला नाही. गोव्यातील वाचकांसाठी या युद्धावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा निदान आल्जुबारोता आणि विंडसर या दोन नावांना त्यात जागा मिळावी, एवढीच विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, म्हापसा