फॉलिक ॲसिड पाळी चुकण्याआधीच हवे

संपादक महोदय,

तुळशीचे लग्न लागले की नाशिकमध्ये लग्नसराई सुरू होते. नव्या जोडप्यांपर्यंत एक गोष्ट त्याआधीच पोहोचायला हवी. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत ही वेळ बहुधा टळून गेलेली असते. नलिका नीट बंद झाली नाही तर बाळाच्या मेंदूत किंवा मज्जारज्जूत जन्मजात दोष राहतो; फॉलिक ॲसिड हे ब गटातील जीवनसत्त्व हा धोका कमी करते. म्हणून मूल हवे असे ठरताच, किमान महिनाभर आधीपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे आणि तिसरा महिना संपेपर्यंत चालू ठेवावे.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारी 5 मिलिग्रॅमची गोळी याच्या बारापटीहून मोठी असते. आधीच्या बाळात असा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधे चालू असतील, तर मोठा डोस डॉक्टरच ठरवतात. फिटची औषधे मात्र स्वतःहून कधीही थांबवू नयेत.

पालक-मेथी जरूर खावी, पण उकडून पाणी ओतून दिले की बरेचसे फोलेट (भाजीतले नैसर्गिक रूपातले हेच जीवनसत्त्व) त्यातच जाते. नुसत्या भाजीवर विसंबू नये. मल्टिव्हिटॅमिनही दुप्पट घेऊ नये; अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो.

– स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिक