आठ दिवसांत देणार होतात तो शिक्षक कुठे आहे?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

काल आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेतली ताई गेली. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून शिकाऊ म्हणून शिकवायला आली होती, मुदत संपली. जाताना रडली. माझी चौथीतली मुलगी रडली नाही. दप्तर कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "आता परत पाढ्यांपासून."

पहिली ते चौथी मिळून २३ मुलं. एका गुरुजींची दोन वर्षांपूर्वी बदली झाली, जागा रिकामीच. दुसऱ्या बाई आहेत, पण त्या बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या. मतदारयादी, बैठका, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी. बाईंवर माझा राग नाही. माहिती उशिरा गेली तर त्यांना नोटीस येते.

ताईच्या आधी निवृत्त गुरुजी होते, २० हजार मानधनावर. वय ६८, दोन एसट्या बदलून, पावसात साकव ओलांडून यायचे. शिकवायचे फार छान. तीन महिने मानधन निघालं नाही, मग थांबले. त्यांची हातच्याची रीत वेगळी, ताईची वेगळी. मुलगी दोन्ही मिसळते, चुकते आणि पाटी पुसून टाकते.

जूनमध्ये आम्ही पालक शाळेला कुलूप लावायला निघालो, तेव्हा तालुक्याचे साहेब म्हणाले, आठ दिवसांत शिक्षक देतो. गणपती गेले, दिवाळी गेली. बाई बैठकीला गेल्या आणि ताईही नसली की आम्ही आया पाळीपाळीने वर्गात बसलो. काजूच्या कारखान्यात माझे ११ खाडे झाले, तेवढी मजुरी गेली. मी नववी नापास. इंग्रजीचं पुस्तक उघडलं आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती लाज अजून जात नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंतच्या शाळेत पट साठपर्यंत असला तरी २ शिक्षक लिहिलेत. कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावू नये असं आहे. मग रोजची ही माहिती कुठल्या कलमात बसते? तुमच्या मंत्रालयात सचिवाची खुर्ची रिकामी झाली तर तिथे काही महिन्यांपुरता शिकाऊ पोरगा बसवाल का? आमच्या मुलांपुढेच का बसवता? माझ्या भावकीतला डीएड, टीईटी पास मुलगा शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे बघत तिशीला आला. आज मुंबईत वॉचमन आहे. वर्ग रिकामा आणि शिक्षक गेटवर उभा, हा कारभार कुणी लावला?

आम्हाला कायमचा शिक्षक द्या. गुरुजींचं थकलेलं मानधन द्या.

सोमवारी बाईंची पुन्हा बैठक आहे. शाळेची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली आहे.

एक आई,
रत्नागिरी जिल्हा