माझ्या मुलाचे 84, त्याच्या मामेभावाचे 76

मा. शिक्षणमंत्री, ऑन्टारिओ प्रांत, कॅनडा, यांस,
सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत सोबत आहे. मराठीत लिहिते आहे ते आमच्या लोकांनीही वाचावं म्हणून.

मी ब्रॅम्प्टनला राहते. माझे यजमान मूळचे जमैकाचे, त्यामुळे आमचा मुलगा शाळेच्या लेखी काळा. गेल्या आठवड्यात दहावीचे विषय ठरवायला गाइडन्स काउन्सेलरने त्याला बोलावलं. गणितात 84 गुण आहेत त्याला. तरी सांगितलं, 'अप्लाइड' म्हणजे खालचा, व्यवहारोपयोगी अभ्यासक्रम घे, 'अ‍ॅकॅडेमिक' म्हणजे विद्यापीठाकडे नेणारा, तो तुला झेपायचा नाही. त्याच वर्गात माझ्या भावाचा मुलगा आहे. त्याला 76. त्याने 'अ‍ॅकॅडेमिक' लिहिलं, कुणी हटकलं नाही. दोघांची आजी एकच. साताऱ्याहून फोनवर तिनेच दोघांकडून पाढे घोकून घेतले.

पोरगा जेवला नाही. रात्री म्हणाला, "आई, मी मामाचं आडनाव लावू का?" मी काय उत्तर द्यायचं होतं, साहेब? आठ दिवस झाले, मला धड झोप नाही.

एका काउन्सेलरची चूक म्हणून हे सोडून देऊ? टोरोंटोच्या शाळांवरचा 2017 चा अहवाल काढा. शाळा संपेपर्यंत 42 टक्के काळी मुलं एकदा तरी सस्पेन्ड झालेली, गोरी 18 टक्के. 'अ‍ॅकॅडेमिक'मध्ये काळी 53 टक्के, गोरी 81. तुमच्याच सरकारने 2020 मध्ये आमच्या पील बोर्डाची, म्हणजे ब्रॅम्प्टनच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाची, चौकशी केली. माध्यमिक शाळांत काळी मुलं दहा टक्के, सस्पेन्ड झालेल्यांत साडेबावीस! त्याच वर्षी नववीतली ही विभागणी बंद करण्याची घोषणा झाली, 2022 मध्ये ती पूर्ण झाली. आणि दहावीचं काय? चाळण एक इयत्ता पुढे सरकवलीत, एवढंच.

या प्रांताने 1850 साली काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांना कायद्यात जागा दिली. ती तरतूद निघायला 1964 उजाडलं, तशी शेवटची शाळा 1965 मध्ये बंद झाली. साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसवत. हे आम्ही शाळेत शिकतो, आणि इथे गणपतीत आमच्याच बायका मला विचारतात, "तुझा मुलगा बास्केटबॉल छान खेळत असेल ना?" गणिताचं कुणी विचारत नाही.

दहावीतलीही विभागणी काढा. कोणत्या वंशाची किती मुलं कुठल्या स्ट्रीममध्ये आहेत, किती सस्पेन्ड झाली, हे दरवर्षी शाळेगणिक छापा. मुलाला खालचा विषय सुचवायचा असेल तर आईबापांना समोर बसवून, कारण लेखी द्या. काळ्या मुलांना शाळा पूर्ण करायला मदत करण्यासाठी नेमलेले ग्रॅज्युएशन कोच प्रत्येक शाळेत हवेत, मोजक्या ठिकाणी नकोत.

विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. 'अप्लाइड' लिहिलेल्या कागदावर मी सही केलेली नाही, करणारही नाही.

एक आई,
ब्रॅम्प्टन