मोठे मन आणि छोटी गोळी

महोदय,

स्टँड ते राजारामपुरी, जिकडे बघावे तिकडे 'टेस्ट ट्यूब बेबी'चे फलक. ३ ऑक्टोबर १९७८ला कोलकात्यात भारतातले पहिले असे बाळ जन्माला आणणाऱ्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांची मात्र हेटाळणी झाली. १९८१ साली त्यांनी जीवन संपवले. मुंबईतील १९८६च्या टेस्ट ट्यूब बाळामागचे संशोधक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांना तोवर पहिलेपणाचा मान होता; त्यांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि तो मान आपणहून मुखोपाध्यायांना दिला. असे मन दुर्मिळच!

माझ्या भाचीला फॉलिक ॲसिडची गोळी मिळाली चौथ्या महिन्यात. ही गोळी बाळाच्या मज्जारज्जूची नळी नीट बंद व्हावी म्हणून असते, आणि ती नळी तर गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. दर ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिचा फलक मला अजून दिसलेला नाही.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर